अर्धस्वयंचलित म्हणजे नेमकं अर्धं काय?

इंदूरच्या लोकमान्य नगरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एका मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हिंदीतला लेख मराठीत आणताहेत. विषय नेमबाजांचा वाद: नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल बरी की जुनी बंदूक. पहिल्याच वाक्याशी त्या अडल्या. त्यांनी लिहिलंय, "पारंपरिक बंदुकांच्या तुलनेत आधुनिक अर्धस्वयंचलित रायफलींबाबत नेमबाजांमध्ये मतमतांतरे आहेत." आणि खाली विचारलंय, 'अर्धस्वयंचलित' बरोबर आहे ना? बंदूक आणि रायफल एकच का? आणि घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "हे बातम्या लागल्यासारखं वाटतंय," त्याचं काय करू?

सासूबाईंचं बरोबर आहे.

'अर्धस्वयंचलित' चूक नाही. सरकारी मराठीत तो आहे, वर्तमानपत्रांत रोज येतो. पण तो ऐकून बंदुकीत काय होतं हे कुणाला कळत नाही. अर्धी म्हणजे कुठली अर्धी? अर्ध्या गोळ्या आपोआप सुटतात आणि उरलेल्या अर्ध्या हाताने, असं थोडंच आहे? गंमत नाही करत, आमच्याकडे एका शिकल्यासवरल्या गृहस्थांची समजूत जवळजवळ हीच होती.

घडतं ते असं. चाप दाबला की एक गोळी सुटते. तिच्यामागच्या वायूच्या नाहीतर धक्क्याच्या जोराने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस नळीत येऊन बसतं. पण ते तिथे बसूनच राहतं. चाप सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी नाही. एका दाबाला एक गोळी. पूर्ण ऑटोमॅटिकचं वेगळं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मनाई असलेल्या शस्त्रांची जी व्याख्या आहे ती या बाबतीत अगदी स्वच्छ आहे: चापावर दाब दिला की तो दाब काढेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत मारा चालूच राहतो, असं शस्त्र. म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आपोआप होतं ते फक्त भरण्याचं काम. झाडण्याचं काम माणसाकडेच असतं. फौजेने हे नावातच सांगून टाकलं होतं. इशापूरला बनलेली ती ७.६२ ची रायफल, एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. आपली आपण भरणारी. महूत, म्हणजे आपल्या इंदूरजवळच्या लष्करी छावणीत, आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा, तो 'अर्ध' हा शब्द काढणार नाही, 'एसेलार' म्हणेल.

आता मुद्द्याची गोष्ट. मराठीने बंदुकींना जी नावं ठेवली ती नवी-जुनी बघून ठेवलीच नाहीत. ती पेटते कशी आणि भरते कशी, यावरून ठेवली. तोड्याची बंदूक: तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेला जळता दोर, तो कानाशी, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक भोकाशी, टेकला की बार. मग चकमकीची, तिला गारेचीही म्हणत, गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी. मग टोपीची, तांब्याची इवलीशी टोपी फुटून पेटणारी. आणि या सगळ्यांची आई ठासणीची, तोंडातून दारू ओतायची, वर गोळी नाहीतर छर्रे, आणि गजाने ठासायचं. कोकणात शेताची राखण करणाऱ्यांकडे ठासणीची बंदूक अजून परवान्यावर सापडते. बंदुकीच्या कानात जी बारीक दारू घालायची तिला रंजक म्हणत. आपण 'रंजक कथा' म्हणतो तेव्हा तो दुसरा, संस्कृतातला शब्द, पण मला दर वेळी कानात दारू ओतल्याचा भास होतो.

आपल्याकडच्या हिंदी पेपरांत ठासणीच्या बंदुकीला 'भरमार' म्हणतात. "तीन भरमार बंदूकें जब्त." भरा आणि मारा. मराठीत भरमार म्हणजे सुकाळ, जाहिरातींची भरमार, पाहुण्यांची भरमार. आणि ही भरमार? चकमकीच्या बंदुकीवर हात बसलेला शिपाई मिनिटाला फार तर तीन-चार बार काढायचा. तोड्याची त्याहून सुस्त. ताई, हिंदीवरून आणताना हा शब्द आला तर तसाच उचलू नका, नागपूरच्या वाचकाला वाटेल बंदुकांचा ढीग सापडला.

तर बोलीची रीतच अशी असेल, की भरण्यावरून नाव, तर 'आपोआप भरणारी रायफल' हे त्या रीतीत बसतं. एकच शब्द हवा असेल तर 'स्वभरणी'. ठासणीची, स्वभरणीची. हा मी बनवलेला आहे, कोशात शोधू नका. मराठीत स्व- लावला की शब्दाला लगेच खादीची टोपी चढते, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझं मत साध्या 'आपोआप भरणारी'ला.

'पारंपरिक' मात्र काढाच. तो शब्द कुणाला लावायचा? आमचे मामा महूत इन्फन्ट्री स्कूलला शिकवत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कॉलेजात एनसीसीत त्यांच्या हाती आली ती .३०३, थ्री नॉट थ्री. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांकडे हीच होती. मामांना ती जुनी. त्यांच्या आजोबांना, होळकरांच्या पायदळातल्या माणसाला, तीच विलायती आणि नवी. मामांच्या नातवाला मामांची एसएलआरसुद्धा म्युझियममधली. ज्याची त्याची परंपरा कॉलेजात सुरू होते. लेखात जी बंदूक असेल तिचं नाव घ्या: ठासणीची, दुनळी, बारा बोर, थ्री नॉट थ्री. (बारा बोर म्हणजे नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. बारा हे लांबी-रुंदीचं माप नव्हे.)

बंदूक आणि रायफल एक का? आपल्या बोलण्यात बंदूक ही सगळ्यांची पोटजात नसून मूळ जात आहे, रायफल तिच्यात आली. पण नेमबाजांच्या लेखात फरक पाळावा लागेल. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, गोळी गरगरत जाते म्हणून सरळ जाते. दुनळीची नळी आतून गुळगुळीत. 'बंदूक' हा अरबीतून आला, तिकडे बुंदुक म्हणजे हेझलनट नावाचं गोल फळ, त्यावरून छोटी गोळी, त्यावरून ती फेकणारं यंत्र. काडतूस पोर्तुगीजांचं, पिस्तूलही. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा: बंदूक पण बंदुकीचा, काडतूस पण काडतुसाचा. आणि रायफल ती, तो नव्हे. 'राइफल' हे हिंदीचं.

आता वाद. लेखात तो कसा मांडलाय मला माहीत नाही, पण आमच्या घरात तो दर खंडेनवमीला होतो, तेव्हा त्यात बोलले जाणारे शब्द तरी देतो.

पाटावर मामांची दुनळी, शेजारी एक म्यान नसलेली तलवार आणि स्वयंपाकघरातली विळी, तिघींना झेंडू. जेवणं झाली की नातू सुरू करतो. तो पंचवीस मीटर रॅपिड फायर खेळतो, .२२ चं पिस्तूल, आपोआप भरणारं. पाच निशाणं, पाच गोळ्या, पहिल्यांदा आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. "आबा, चार सेकंदांत पाच! तुमची खिटी ओढत बसलो तर एक होईल." (खिटी म्हणजे बोल्ट, थ्री नॉट थ्रीला दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा.) २०१२ ला लंडनमध्ये विजय कुमारने याच प्रकारात रौप्य मिळवलं, आणि तो महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचा, म्हणजे आबांच्या अंगणातलाच, हे नातू दर वर्षी ऐकवतो.

मामा आधी सुपारी कातरून घेतात. मग म्हणतात, "पंधरा." म्हणजे थ्री नॉट थ्रीवर इंग्रजांच्या शिपायाला मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारायची तालीम होती. हाताने, खिटी मागेपुढे करून. "आणि तुमच्या पाचांतली एक हुकली की तुम्ही म्हणता चार तर लागल्या. आम्हाला एकच दिलेली असायची." मग ते उठतात, दुनळी नाही, काठी घेतात, खांद्याला लावतात, गाल टेकतात आणि एनसीसीतल्या आवाजात म्हणतात, "शिस्त ले."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मला वाटायचं मामा पोराला शिस्त लावताहेत. फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. 'दुरुस्त शिस्त' म्हणजे अचूक नेम, रायफल शिकवताना पहिल्या धड्यांत असतो. मूळ फारसीत शस्त म्हणजे अंगठा, आणि तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडीही. तिथून बाण रोखणं, तिथून बंदूक रोखणं. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. तो अर्थ आपल्याकडे गळाला, आणि शिस्त शाळेत गेली, प्रार्थनेच्या रांगेत उभी राहिली.

आणि आता 'नेम' बघा. तो संस्कृत नियमातून आलेला. नेमधर्म, नेमाने देवळात जाणारी आजी. तोच नेम बंदुकीचाही, धरतात तो. नेमकं यात तोच आहे आणि 'पावसाचा काही नेम नाही' यातही तोच. एक शब्द फारसीतला, एक संस्कृतातला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि दोघांच्याही पोटात निशाण आणि वळण एकत्र. मला हे कळलं तेव्हा मी तीन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. बायको म्हणाली, आता पुरे.

ताई, हे एवढं लांबण लावून का सांगितलं, तर तुमच्या लेखातले जुने खेळाडू बहुतेक हीच तक्रार करत असतील: आपोआप भरणारी हातात आली की पहिल्या गोळीचं मोल जातं. त्यांच्या तोंडी 'एकाग्रतेचा अभाव' घालू नका. "शिस्त जाते" म्हणा, दोन्ही अर्थ आपोआप येतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच खरं आहे, आणि ते नातवाच्या शब्दांत बरं वाटतं: "गाल उचलावा लागत नाही." खिटी ओढताना चेहरा दस्त्यावरून हलतो, डोळा माशीवरून सुटतो (माशी म्हणजे नळीच्या टोकाचा तो बारीक उंचवटा), नेम पुन्हा पहिल्यापासून. आपोआप भरणारीत गाल तिथेच राहतो. वर धक्काही कमी, वायूचा काही जोर भरण्यात खर्च होतो म्हणून. तिसरा मुद्दा मामांचा आहे आणि तो नातवालाही मान्य असतो: साफसफाई. वायूच्या वाटेत काजळी धरते, एसएलआरला रेग्युलेटर फिरवून वायू कमी-जास्त करावा लागायचा, तो बिनसला की पुंगळी अर्धवट अडकलीच. थ्री नॉट थ्रीला चिखल पुसला की झालं. एरवी दोघं एका वाक्यावर कधी येत नाहीत.

राहिले फुटकळ शब्द. गोळी आणि काडतूस एक नव्हे, गोळी जाते, पुंगळी उरते. हिंदी लेखात 'खोखे' असतील, त्यांना पुंगळ्याच म्हणा. 'खोके' लिहिलंत तर २०२२ पासून महाराष्ट्रात त्याचा भाव वेगळा आहे. 'गोली चलाना'चं 'गोळी चालवणे' आपण इंदूरवाले सर्रास करतो, मीही करतो, पण लिहिताना 'गोळी झाडणे' बरं. सिनेमावाले चापाला घोडा म्हणतात. घोडा म्हणजे आपटणारा हातोडा, चाप म्हणजे बोटाखालचा. 'फैरी' एका माणसाच्या एका गोळीला वापरू नका, ती पुष्कळांची किंवा लागोपाठची. आणि 'बार' जपून, कारण आपल्याकडे तंबाखूचाही बार भरतात. मामांच्या बाबतीत वाक्य दोन्हीकडून खरं ठरतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "रायफल आपोआप भरणारी असावी की हाताने भरायची, यावर नेमबाजांचं एकमत नाही." मतमतांतरे ठेवायचीच असतील तर ठेवा, शब्द मोठा आहे पण वाईट नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. बोल्ट-अ‍ॅक्शनला काय म्हणायचं? वर मी दोन-तीनदा 'खिटी' लिहिलं, तो आमच्या मामांचा घरगुती शब्द आहे, दाराच्या खिटीवरून. 'खिटीची रायफल' कानाला चांगलं लागतं, पण फक्त आमच्या घरात कळतं. महूच्या एखाद्या घरात दुसरा शब्द ऐकला असेल तर मला कळवा. बोल्ट तर आहेच.