वाचकांचे प्रश्न: ‘आमच्या फीवर शिकतात’ हे ऐकून घ्यायचं का?

जून जवळ आला की शाळेच्या खर्चाची पत्रं वाढतात, पण यंदा नुसत्या खर्चाबद्दल नाही तर खर्चावरून होणाऱ्या अपमानाबद्दल जास्त पत्रं आलीत. त्यातली तीन घेतलीयेत. तिन्ही आरटीईबद्दल आहेत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर होणाऱ्या मोफत प्रवेशांबद्दल. नावं आणि शाळा अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार, मी हडपसरला राहते, चार घरी स्वयंपाकाची कामं करते, मिस्टर रिक्षा चालवतात. आम्ही ओबीसीतून आरटीईचा फॉर्म भरला होता आणि मुलाचा लॉटरीत नंबर लागला, आता तो दुसरीला जाईल, इंग्लिश मीडियम आहे. फी लागत नाही पण बाकीचं सगळं लागतंच. युनिफॉर्म शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा, खेळाचा वेगळा, बूट दोन जोड, पुस्तकांचा सेट आणि वर ॲक्टिव्हिटी फी साडेसहा हजार. मागच्या वर्षी गळ्यातलं गहाण ठेवून भरले. या वर्षी थोडे पैसे भरायचे राहिले होते तर मॅडमनी वर्गात नावं वाचून पोरांना उभं केलं, तो घरी येऊन बोललाच नाही, मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. नंतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं की गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे आठवड्याने देते, तर एकीने लिहिलं, आमच्या फीवर फुकट शिकायचं आणि हजार रुपयांसाठी रडायचं, लाडकी बहीणचे येतात ना दीड हजार. त्याला चार जणींनी अंगठे दिले. मिस्टर म्हणतात काढून घेऊ, महापालिकेच्या शाळेत टाकू, तिथे मान तरी राहील. काय करू?

उत्तर: ताई, मुलाला काढू नका. महापालिकेची शाळा वाईट असते म्हणून नाही, काही खरंच चांगल्या आहेत, आणि उद्या ती शाळा बघून पटली म्हणून घातलंत तर माझी काही हरकत नाही. पण कोणीतरी हाकललं म्हणून निघायचं नाही. आरटीईचे प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात, त्यामुळे ही जागा एकदा सोडली की पुन्हा मिळणं जवळपास अशक्य, हे मिस्टरांनाही शांतपणे सांगा.

आता पैशांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल अशी कुठलीही फी किंवा खर्च त्याच्याकडून घ्यायचा नाही. नुसती ट्यूशन फी नाही, कुठलाही खर्च. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर पुढे असंही आहे की २५ टक्क्यांतून आलेल्या मुलांना पुस्तकं, लिहायचं साहित्य आणि गणवेश मोफत मिळायला हवेत, त्यांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, आणि लायब्ररी, खेळ, कॉम्प्युटर, कार्यक्रम यात कुठेही भेदभाव करायचा नाही. प्रत्यक्षात शाळा म्हणतात सरकार आम्हाला पुस्तकांचे पैसे देत नाही, आम्ही कुठून देऊ, आणि मग सगळा भार तुमच्या गळ्यातल्यावर येतो. शाळेची अडचण खरी असेलही, पण ती शाळेने सरकारशी बोलून सोडवायची आहे, तुमच्या मुलाला उभं करून नाही.

म्हणून ते साडेसहा हजार गुपचूप भरू नका आणि तोंडी भांडूही नका, तोंडी भांडणाचा काही उपयोग होत नाही, उलट नंतर तुम्हीच कशा बोललात तेवढं सांगितलं जातं. साध्या मराठीत एक अर्ज लिहा, मुख्याध्यापकांच्या नावे, की माझ्या मुलाचा प्रवेश आरटीईतून आहे, आपण अमुक रक्कम मागितली आहे, ती कशासाठी आणि कुठल्या नियमाने हे लेखी कळवावं. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारखेसह सही घ्या, ती पोच जपून ठेवा. मागच्या वर्षी भरलेल्याची पावती मिळाली नसेल तर तीही याच अर्जात मागा. बऱ्याचदा एवढ्यावरच मागणी थंडावते कारण लेखी उत्तर द्यायला कोणी तयार नसतं. उत्तर आलं नाही तर हाच कागद जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागात तक्रार द्यायची (गावाकडच्या वाचकांनी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे). कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

वर्गात नावं वाचून उभं केलं त्याबद्दल मात्र वेगळा अर्ज द्या, पैशांच्या अर्जात मिसळू नका. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. सात वर्षांच्या मुलाला बापाच्या खिशात किती पैसे आहेत यावरून चाळीस मुलांसमोर उभं करणं हा छळच आहे, त्याला दुसरं नाव नाही, आणि मॅडमनाही ते कोणीतरी सांगितलं पाहिजे, कदाचित त्यांना वरून यादी आली असेल पण वाचली त्यांनीच ना.

तुम्हाला भीती वाटत असणार की तक्रार केली तर पोरावर राग काढतील. वाटणारच. म्हणून एकट्या जाऊ नका, त्या शाळेत आरटीईचे अजून पालक आहेतच, चार जणांच्या सह्या एका अर्जावर घ्या. आणि हे लक्षात ठेवा की आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही, कलम १६. गॅदरिंगच्या ड्रेससाठी मात्र कायदा घेऊन बसलात तर गॅदरिंग होऊन जाईल, तो भाड्याने आणा किंवा मागच्या वर्षीच्या मुलाचा मागा, त्यात कमीपणा काही नाही.

राहिला ग्रुप. तिथे तुमची कमाई, गहाण, लाडकी बहीण यातलं काहीही सांगायला जाऊ नका, त्या बाईंना तो हिशोब मागायचा अधिकारच नाहीये. एकच ओळ लिहा, “माझ्या मुलाचा प्रवेश कायद्याने झालाय. ड्रेसचे पैसे आठवड्याने देते.” आणि त्यानंतर काहीही आलं तरी उत्तर नाही. ते दीड हजार तुमचे आहेत, तुमच्या खात्यावर येतात, त्यातून तुम्ही औषध आणा नाहीतर किराणा, शाळेच्या मागण्या भागवायला ती योजना काढलेली नाही.

मुलाशी मात्र आज बोला. त्याला सांगा की त्याचं काही चुकलेलं नाही आणि पैशांचं आई-बाबा बघतायत. तो गप्प आहे म्हणजे विसरलाय असं समजू नका.

प्रश्न: तुम्ही नेहमी एकाच बाजूने लिहिता म्हणून हे पत्र. आम्ही दोघं आयटीत आहोत, पिंपळे सौदागरला फ्लॅट आहे, हप्ता चालू आहे, दोन मुलांची फी मिळून वर्षाला पावणेतीन लाख जाते, दर दोन वर्षांनी वाढते. टॅक्स आम्ही भरायचा, फी आम्ही भरायची आणि त्याच बेंचवर शेजारी एक मुलगा फुकट. बरं, गरीब असेल तर समजू शकतो पण एका आरटीईच्या मुलाला सोडायला वडील कार घेऊन येतात. आम्हाला राग आला तर आम्ही वाईट माणसं का?

उत्तर: वाईट नाही. पावणेतीन लाख ही लहान रक्कम नाही, हप्ता जाऊन फी भरताना जीव मेटाकुटीला येतो हे मला कळतं आणि त्या त्रासाची थट्टा मी कधीच करणार नाही. पण राग कोणावर काढताय ते एकदा बघाच, कारण माझ्या मते चुकीच्या माणसावर निघतोय.

तो मुलगा फुकट नाही, त्याचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे आहेत. कायद्यात कलम १२ प्रमाणे सरकारचा एका मुलावरचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी ते शाळेला मिळतं. महाराष्ट्रात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये धरला गेलाय. तुमच्या शाळेच्या फीपुढे तो कमी आहे हे खरं, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत म्हणून संस्थाचालकांच्या संघटना वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत, हेही खरं. म्हणजे तुमच्या तक्रारीला जागा आहे, पण त्यात देणेकरी सरकार आहे, सहा वर्षांचं पोरगं नाही.

आणि त्या मुलांमुळेच फी वाढते असं वाटत असेल तर एक करा. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तसं ठरवलंय, म्हणजे तिथे २५ टक्के जागा नाहीत. पुण्यात अशा इंग्लिश शाळा आहेत, त्यांची फी विचारून बघा, स्वस्त पडते का ते मला कळवा. फी कशामुळे वाढते हे विचारायची खरी जागा म्हणजे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. राज्याच्या २०११ च्या फी नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेला पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावा लागतो, समितीत पालक असतात. किती पालक तिथे जाऊन ताळेबंद मागतात? ग्रुपवर अंगठे देणाऱ्या चौघी जरी गेल्या तरी फरक पडेल, आणि फरक पडला तर तो तुमच्या पावणेतीन लाखांतच पडेल.

टॅक्सबद्दल तर मला जरा जास्तच बोलायचंय. स्वयंपाकवाल्या ताई मोबाइलला रिचार्ज मारतात त्यावर १८ टक्के जीएसटी तुमच्याइतकाच भरतात. दुसरीकडे जुन्या करप्रणालीत दोन मुलांची ट्यूशन फी उत्पन्नातून वजा दाखवून आपण टॅक्स वाचवतो, केंद्र सरकारच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो, अनुदानित कॉलेजात आपल्यातले कितीतरी जण नाममात्र फीमध्ये शिकले. हेही सरकारी पैसेच आहेत. त्यांना आपण सवलत म्हणतो आणि रेशन आणि आरटीईला फुकट म्हणतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात हेच मांडलं होतं, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. त्यानंतर सगळ्या देशासाठी तसा कायदा यायला सव्वाशे वर्षं गेली.

कारवाल्या वडिलांचं म्हणाल तर दोन शक्यता. आरटीईत दोन प्रकार आहेत, दुर्बल घटकाला वर्षाला एक लाखाची उत्पन्नमर्यादा आहे (महिन्याला साडेआठ हजारही होत नाहीत), पण वंचित गटाला, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, दिव्यांग मुलं वगैरे, यांना आपल्याकडे उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे कार असूनही प्रवेश नियमात बसू शकतो, आणि ती कार भाड्याने चालवायचीही असू शकते. ही अट असावी का यावर वाद घाला, जरूर घाला. दुसरी शक्यता खोट्या दाखल्याची. असे प्रकार होतात आणि त्याचा मलाही संताप येतो, कारण तो दाखला तुमची नाही, दुसऱ्या एका गरीब मुलाची जागा खातो. पुरावा असेल तर शिक्षण विभागाकडे लेखी द्या. पण ग्रुपवर कुजबुज करून सगळ्याच आरटीई पालकांना एका माळेत ओवू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. पालक कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टाने १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. तेवढ्या काळात शाळा सुरू होऊन गेल्या आणि ज्यांचा नंबर लागणार होता ती पोरं घरी बसून होती. तुमच्या मुलाच्या शेजारी बसलेला मुलगा अशा रांगेतून आलाय. तुमचा मुलगा घरी त्याच्याबद्दल काय ऐकतो तेच उद्या वर्गात बोलेल, एवढं सांभाळाल ही विनंती.

प्रश्न: माझी मुलगी आरटीईतून शिकते, आता आठवीत जाईल. शाळेने आत्ताच सांगितलं की नववीपासून पूर्ण फी, साठ हजार. आम्हाला शक्य नाही. शिष्यवृत्ती मिळेल का? – नाशिक

उत्तर: आरटीईचं संरक्षण आठवीला संपतं, शाळा सांगतेय ते दुर्दैवाने बरोबर आहे. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पास झालेल्यांतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, पण ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना. तुमची मुलगी विनाअनुदानित शाळेत असेल तर कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असूनही बसता येत नाही. गरीब घरातल्या मुलीला केवळ शाळेच्या प्रकारामुळे हे नाकारलं जातं, हे बदलायलाच हवं.

त्यामुळे माझा सल्ला असा की या जूनमध्येच, आठवीलाच अनुदानित शाळेत जागा मिळते का बघा, सेमी इंग्लिश असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील, तिला जड जाणार नाही, आणि एनएमएमएसलाही बसता येईल. सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. मुलींना अनुदानित शाळेत बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. यंदा जमलं नाही तर नववीला बदला, पण दहावीवर ढकलू नका, बोर्ड बदलत असेल तर दहावीत कोणी घेत नाही. दाखला अडवला तर कलम ५ दाखवा, बदलीचा दाखला लगेच द्यावा लागतो आणि टाळाटाळ केली तर मुख्याध्यापकांवर कारवाई होऊ शकते. आधी दोन-तीन अनुदानित शाळांत चौकशी करा, जागा पक्की झाली की मगच दाखल्याचा अर्ज द्या.