ट्रेसवरचं ते गवत फिल्टर करू नकोस

तू लिहिलंयस की कल्चरमधल्या स्नायूपेशीवर होल-सेल रेकॉर्डिंग (काचेच्या बारीक नळीने अख्ख्या पेशीचा करंट मोजणं) करताना ॲसिटिलकोलीन (स्नायूला इशारा देणारं रसायन) सोडलं की करंट २०० पिकोअँपच्या आसपास जातो आणि ट्रेस, म्हणजे करंटचा आलेख, गवतासारखा जाड होतो, तर ५० हर्ट्झचा लो-पास (त्याहून वेगवान चढउतार कापणारा फिल्टर) लावून साफ करू का. अजिबात नको, त्या जाडीतच खरा डेटा आहे.

पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा एकेक थेंब वेगळा ऐकू येत नाही, पण टपोरे थेंब आहेत की भुरभुर आहे ते आवाजाच्या खडबडीवरून कळतंच ना, तसंच हे, इथले थेंब म्हणजे चॅनेल्स, पेशीच्या पडद्यातली ॲसिटिलकोलीनने उघडणारी छिद्रं. काट्झ आणि मिलेडीने १९७० मध्ये बेडकाच्या स्नायूवर नेमकं हेच केलं, एकटं चॅनेल दिसायची सोय तेव्हा नव्हतीच, ती नेहर-साकमनने १९७६ ला करून दाखवली.

हिशोब सोपाय. व्हेरियन्स (सरासरीभोवतीच्या चढउतारांचं माप) भागिले सरासरी करंट म्हणजे एका चॅनेलचा करंट, अट एवढीच की बहुतेक चॅनेल्स बंद असली पाहिजेत, म्हणून डोस कमी ठेव, कारण सगळीच उघडी राहिली तर खडबड परत कमी होते आणि उत्तर खोटं लहान येतं. समज बेसलाइनचा व्हेरियन्स वजा करून ४८० उरला, तर ४८० भागिले २०० म्हणजे २.४ पिकोअँप, आणि होल्डिंग (पेशी ज्यावर धरलीय तो व्होल्टेज) -६० मिलिव्होल्ट, रिव्हर्सल (करंट शून्य होतो तो व्होल्टेज) शून्याजवळ धरलं तर एका चॅनेलची वाहकता ४० पिकोसीमेन्स.

आता तुझा फिल्टर. चॅनेल सरासरी ३ मिलिसेकंद उघडं राहत असेल तर स्पेक्ट्रमचा (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती चढउतार त्याचा आलेख) कोपरा, जिथून तो खाली उतरू लागतो, साधारण ५३ हर्ट्झला येतो, म्हणजे ५० ला कापलंस की जवळजवळ निम्मा व्हेरियन्स गेला आणि चॅनेलचा करंटही निम्माच दिसणार, वर पेपरात तोच छापून येणार! बेसेल फिल्टर १-२ किलोहर्ट्झला ठेव, सॅम्पलिंग त्याच्या निदान पाचपट. आणि सिरीज रेझिस्टन्स (नळीच्या टोकाचा पेशीत शिरतानाचा रोध) विसरू नकोस, तोही गुपचूप फिल्टरच असतो, १० मेगाओहम आणि पेशी २० पिकोफॅरडची असेल तर ८०० हर्ट्झच्या वरचं आपोआप दबतं.

पण गवत पेशीचंच आहे कशावरून? त्याच व्हॉल्व्हमधून नुसतं सलाइन सोडून बघ. तरी जाड झालं तर दोष परफ्युजनचा (पेशीवर द्रावण सोडायच्या व्यवस्थेचा), द्रावण भरलेली ती नळी मस्त अँटेना असते, बाथच्या (पेशी ठेवलेल्या भांड्याच्या) अलीकडे एक ड्रिप चेंबर टाक. घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दिसली तर आधी मायक्रोस्कोपचा दिवा, मग ग्राउंडच्या वायरी, सगळ्या एकाच पॉइंटला आणल्यात का ते बघ, आमच्याकडे निम्म्या वेळा तिथेच घोळ निघतो. नळी धरणारा होल्डर ओला असेल तर तो पुसून सुकव, ह्याकडे कुणी लक्षच देत नाही.

अजून एक, डिसेन्सिटायझेशनमुळे (औषध असूनही चॅनेल्स बंद पडत जाणं) करंट हळूहळू घसरतो आणि ती घसरणसुद्धा व्हेरियन्समध्ये मोजली जाते, म्हणून ट्रेसचे छोटे तुकडे करून प्रत्येकातून सरळ रेष वजा कर. मग दोन स्पेक्ट्रम काढ, औषधाशिवायचा आणि औषधासकटचा, दोन्ही इथे टाक म्हणजे बघतो. जमलं तर एखादा आउटसाइड-आउट पॅच (बाहेरची बाजू बाहेरच ठेवून पेशीपासून सुटा केलेला पडद्याचा तुकडा) ओढ, नळी आणि पडद्यामध्ये गिगाओहमचा घट्ट सील असेल तर त्याच -६० ला अडीचएक पिकोअँपच्या पायऱ्या डोळ्यांनीच दिसायला हव्यात.