मंडळी म्हणजे कोण कोण?

प्रिय बंधू,

प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या चार पानी पत्रात तुझ्या मंडळीबद्दल, म्हणजे चर्चच्या लोकांबद्दल, सगळं काही आहे, फक्त एकाही माणसाचं नाव नाही. ‘तरुणवर्ग’ आहे, ‘विरोधी गट’ आहे, ‘निष्क्रिय सभासद’ आहेत, ‘काही वजनदार कुटुंबं’ आहेत. डायोसिसला, वरच्या चर्च कचेरीला, अहवाल धाडावा तसं लिहिलंयस. तरुण दुसऱ्या फेलोशिपला, दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनासभेला, निघून चाललेत म्हणतोस. कोण? कोणाचा मुलगा? कामाला कुठे आहे? सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरी येणारा पोरगा उपासनेला दिसला नाही, तर तो फेलोशिपला गेलेला नाही, तो झोपलेला आहे. रागावू नकोस, पण तुला हे ठाऊक असेल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

तुझं बोलावणं खरं की खोटं, सेवा सोडावी की बदली मागावी, यावर मी काही लिहिणार नाही. पाळक म्हणून दीक्षा घेतलीस त्या दिवशी गुडघे टेकलेस तेव्हा ते तुझं आणि देवाचं ठरलं, त्यात मी पडणारा कोण? मला एकच गोष्ट येते आणि तीच या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. घरी जा. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, आधी त्याच्या घरी जा.

21 दिवसांच्या उपवास-प्रार्थनेची तुझी योजना वाचली. साखळी प्रार्थना, रोज एक वक्ता, मंडप, साउंड सिस्टीम. चांगलं आहे, कर. पण एवढे दिवस प्रार्थना कशासाठी, तर ‘ऐक्यासाठी’ आणि ‘आत्मिक वाढीसाठी’. अरे बाबा, ऐक्य कोणाकोणात? दोन सख्ख्या भावांचं सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद झालं, त्यांच्या बायका चर्चमध्ये दोन टोकांना बसू लागल्या, मग सोयरेधायरे वाटले गेले, की आपण म्हणतो मंडळीत फूट पडली. आणि देवाला म्हणतो, ऐक्य दे. ती पाळी कोणीतरी दोघांच्या ओट्यावर बसून लावून द्यायची आहे. ते काम देवाने तुला दिलंय, तू ते परत त्याच्याकडे पाठवतोस.

महायाजक पवित्रस्थानात जाताना काय अंगावर घालून जात असे, ते बायबलात निर्गमाच्या 28 व्या अध्यायात पाहा. ऊरपटावर बारा रत्नं आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या बारा वंशांतलं एकेक नाव कोरलेलं. ‘इस्राएल’ एवढं एकच नाव कोरून भागलं असतं, कोरणाऱ्याची मजुरीही वाचली असती. आणि रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय, जो आपण वाचनात गाळतो कारण त्यात ‘नुसती नावं’ आहेत, तो एकदा मोठ्याने वाच. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता. तरी वीस-पंचवीस माणसांना नावानिशी सलाम सांगतो. कोणी कष्ट केले, कोण त्याच्याबरोबर तुरुंगात होतं, रूफाची आई आपल्याला आईसारखी आहे, हे सगळं त्याला माहीत आहे. न पाहिलेल्या मंडळीची एवढी खबर त्याच्याकडे होती. तू तिथे राहून वर्ष होत आलं.

तेव्हा आधी बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढ, एक जाडशी वही घे आणि कुटुंबागणिक एक पान सोड. मग निघ. व्हिजन स्टेटमेंटचा जो कागद तू पाठवलायस तो मी वाचला. टेबल डगमगत असेल तर पायाखाली घालायला बरा आहे.

जायचं कसं, तेही सांगतो, कारण सेमिनरीत हे शिकवत नाहीत. वर्गणीचं पावतीपुस्तक घरी ठेवून जा. पाळक आला म्हणजे पैसे मागायला आला, ही समजूत तुझ्या माझ्या आधीच्यांनी कमावून ठेवलेली आहे. संध्याकाळी, जेवणाच्या आधी जा. बाई एकटीच घरात असेल तर दारातूनच क्षेमकुशल विचारून फिर, नाहीतर बरोबर महिला मंडळातली एखादी मावशी घे. गेल्या गेल्या पवित्र शास्त्र उघडू नकोस. ‘कशासाठी प्रार्थना करू?’ विचारलंस की उत्तर येतं, ‘सगळ्यांसाठीच करा, पाळकसाहेब.’ हे उत्तर नव्हे, ही सभ्यता आहे. चहा घे, टीव्ही चालू असेल तर चालू दे, बसून राहा. खरी गोष्ट तू उठून चपला घालायला लागतोस तेव्हा निघते. उंबऱ्यात उभं राहून, आवाज उतरवून कोणीतरी म्हणतं, ‘मोठीचं सासरी जरा बरं नाही.’ त्या वेळी चपला काढायच्या आणि परत आत जायचं. सुनेला किंवा लेकीला मारहाण होते असं कळलं तर ‘क्षमा करा, सहन करा’ एवढं सांगून, डोक्यावर हात ठेवून परत येऊ नकोस. तसं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

एका मंडळीत मी नवीन होतो. तिथले एक काका, पूर्वी पेटीवर बसून भजनं सांगणारे, उपासनेला यायचे बंद झाले होते. कमिटीने मला पहिल्याच बैठकीत सांगितलं, ते ‘त्यांच्या बाजूचे’ झालेत, त्यांच्याकडे जाऊ नका, डोक्यावर बसतील. मी गेलो. काका ओसरीत बसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर ‘उपासना संगीत’ हे आपलं भजनांचं पुस्तक, आणि बोट एका ओळीवर ठेवून ते मला म्हणाले, ‘हे भजन मला पाठ आहे, पण चौथं कडवं आठवत नाही, आणि आता अक्षर दिसत नाही.’ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळ्यांसमोर उभं राहून नुसते ओठ हलवायची त्यांना लाज वाटत होती. बाजू वगैरे काही नव्हती. त्यांच्यासाठी मंडळीत कितीतरी महिने समेटाची प्रार्थना चालू होती, खुद्द कमिटीच करत होती! त्या रात्री मी वहीत लिहिलं, डावा डोळा आधी. ऑपरेशन झालं, काका परत पेटीवर बसले, आणि कमिटीने समेट झाल्याबद्दल देवाचे आभार मानले. मी गप्प बसलो. तेवढं शहाणपण तेव्हाही होतं.

की-बोर्ड हवा की पेटी, यावर तू दीड पान खर्चलंयस. माझ्या मते हे भांडण गाण्याचं नाहीच. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि मिशनऱ्यांनी आणलेल्या विलायती चालींच्या शेजारी आपली अभंगाच्या वळणाची भजनं आणून बसवली. तेव्हा तीही नवीनच होती. आज तुझे म्हातारे त्याच भजनांसाठी की-बोर्डाशी भांडतात. खरं म्हणजे त्यांना एवढंच हवंय की त्यांच्या माणसाच्या दफनविधीला त्यांचं भजन कोणाला तरी म्हणता यावं. आणि ड्रम मागणाऱ्या पोराला कोणीतरी एकदा त्याचं नाव घेऊन विचारायला हवंय, ‘पुढच्या रविवारी तू वाजवशील का?’ दोघांच्या घरी गेलास तर कळेल. सभा बोलावून कळणार नाही, सभेत दोघंही तत्त्वाचं बोलतील.

तू पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा दाखला दिलायस, की 1905 चं उज्जीवन, म्हणजे विश्वासाची ती नवी जागृती, प्रार्थनेतून आली, तेव्हा आपणही प्रार्थनेपासूनच सुरुवात करू. बरोबर. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी बोलावलं आणि जूनमध्ये ते घडलं. पण त्या मुली कोण होत्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून हाडांचे सापळे होऊन आलेल्या. रमाबाईंनी त्यांना खाऊ घातलं, त्यांच्या जखमा धुतल्या, वाचायला शिकवलं, शिवण, विणकाम, छपाई शिकवली. उज्जीवनाच्या आधीची ती वर्षं आपण साक्षीत सांगत नाही, कारण त्यात अश्रू ढाळण्यासारखं काही नाही, पिठाचा हिशेब आहे. ज्या बाईला कोणत्या मुलीला रात्री भीती वाटते हे माहीत होतं, तिने प्रार्थनेला बोलावलं म्हणून मुली आल्या.

आता तू म्हणशील, घरभेटीनं मंडळी वाढते का? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय, त्यामुळे उत्तर तयार आहे. माझ्या निरोप समारंभात एका वक्त्याने हार घालता घालता सांगितलं की पाळकसाहेबांच्या काळात इमारतीची एक वीटही वाढली नाही, मात्र साहेबांनी प्रत्येक घरचा चहा घेतला. लोक हसले. मीही हसलो, पण ते अजून खुपतं. सतराव्या शतकात इंग्लंडात किडरमिन्स्टर नावाच्या विणकरांच्या गावी रिचर्ड बॅक्स्टर पाळक होता. त्याच्या पॅरिशमध्ये सुमारे 800 कुटुंबं. आठवड्यातले दोन दिवस तो आणि त्याचा सहकारी एकेक कुटुंबाला घेऊन तासभर बसत, शिकवत, विचारपूस करत. चर्च आधीच हजारेक माणसांचं होतं, तरी आत बसायला पाच गॅलऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या. म्हणजे विटासुद्धा वाढल्या बरं का, कोणाला विटाच मोजायच्या असतील तर. माझ्या वाढल्या नाहीत. माझ्याकडे मिशन कंपाउंडच्या जागेचा दावा होता, तारखा होत्या, आणि दाव्यातली मंडळी फुटू नये म्हणून मी घरोघर फिरत होतो. ती फुटली नाही. हे काम कोणाच्या अहवालात येत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

पण एक घर राहिलं. दाव्यात माझ्याविरुद्ध सही करणाऱ्या माणसाचं. त्याच्या घराचं मला फाटक माहीत आहे, निळं, एका बाजूने गंजलेलं. आत मी गेलो नाही. त्याने मला कोर्टाची पायरी चढायला लावली होती, जायचं कोणत्या तोंडाने, असं मी म्हणत असे, आणि खरं सांगू, आजही मला ते कारण पटतं. मग तो अचानक गेला आणि दफनविधी माझ्याकडे आला. कबरीपाशी उभं राहून त्याच्याबद्दल सांगायला माझ्याकडे त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख होती, सकाळी रजिस्टरमधून उतरवून घेतलेली. त्याची विधवा खाली बघत होती. तुझ्या त्या ‘विरोधी गटा’त जो सगळ्यात जोरात बोलतो, त्याच्याकडे या आठवड्यात जा. कामाचं काही काढू नकोस. त्याच्या शेतात काय उभं आहे ते विचार.

ऐकलेलं पोटात ठेव. व्यासपीठावरून ‘आपल्यातल्या एका कुटुंबात’ अशी सुरुवात केलीस की सगळ्यांच्या माना त्या बाकाकडे वळतात, आणि ते दार तुला कायमचं बंद. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘प्रार्थना विनंती’ म्हणून जे फिरतं त्यातलं निम्मं चहाडी असतं. ‘अमुक ताईंच्या घरच्या परिस्थितीसाठी प्रार्थना करा, सविस्तर सांगू शकत नाही.’ मग खाली सतरा जणांचे जोडलेले हात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला फोन करून विचारणार, काय झालं? हे तू बंद कर. लोक चिडतील, चिडू देत.

सगळं एकट्याने करायचं नाही. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सुनावलं ते तुला पाठ असेल, पन्नासांवर नायक, दहांवर नायक. तुझ्या वडीलजनांना, मंडळीतल्या जबाबदार मंडळींना, दहा-दहा घरं वाटून दे. ‘आम्हाला उपदेश करता येत नाही’ म्हणतील. त्यांना म्हणावं, उपदेश नकोच आहे, दशम्या बांधून कोण कधी कोयत्यावर, ऊसतोडीला, निघतंय तेवढं कळवा. पाथर्डी-शेवगावकडची तुझी ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येत नाहीत, आणि तू त्यांना ‘निष्क्रिय’मध्ये घातलंयस. निघायच्या आधल्या रात्री त्यांच्याकडे जा. ट्रॅक्टर पहाटे लागतो, त्यामुळे उशिरापर्यंत जागे असतात. पोरं कोणाकडे ठेवून चाललेत ते विचार, वहीत लिही, आणि त्या आजीकडे महिन्याने परत जा.

आणि तुझी बायको नगरला नर्सिंगच्या नोकरीत, आठवड्यातून एकदा घरी येते, असं तू एका ओळीत उरकलंयस. वहीचं पहिलं पान तिचं. ती येते त्या दिवशी कुठेही जायचं नाही, कोणाचा फोन आला तरी. कमिटीला सांग, मी सांगितलंय म्हणून.

उपवास-प्रार्थनेला मला एक संध्याकाळ बोलायला बोलावलंस. येईन, पण माइक नको. साखळीतला मधल्या रात्रीचा एखादा तास दे, जो कोणी घेत नाही तो. त्या तासाला कोणाची नावं घ्यायची ते मला कागदावर लिहून दे, दहाच दे, पण ज्यांच्या घरी तू जाऊन आलायस तीच. खाली बसता येत नाही आता, तेवढी एक खुर्ची ठेव.

तुझा,
जुना सहसेवक