योर्दानमध्ये घर भाड्याने घेण्याआधी

आपण विचारले आहे की, पुढील वर्षी कुटुंबासह अ‍ॅमस्टरडॅमला येताना योर्दान वस्तीत भाड्याचे घर पाहावे का, आणि ती वस्ती फोटोंत दिसते तशीच आहे का. मी याच शहरात स्थायिक झालो असून पहिली काही वर्षे योर्दानमध्ये राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शहराचा मोठा विस्तार सुरू झाला, तेव्हा श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी अर्धवर्तुळाकार कालवे आखले गेले आणि प्रिन्सेनग्राख्तच्या (‘ग्राख्त’ म्हणजे कालवा) पलीकडे कारागीर, मजूर व निर्वासित यांच्यासाठी योर्दान उभी राहिली. तिथे जमीन नव्याने आखण्याऐवजी शेतांतील जुने पाट आणि पायवाटा तशाच ठेवून त्यांचेच कालवे व गल्ल्या करण्यात आल्या; त्यामुळे आजही या वस्तीचे रस्ते प्रिन्सेनग्राख्तला तिरके येऊन मिळतात. रोझेनग्राख्त, ब्लूमग्राख्त, लिंडेनग्राख्त अशी फुलाझाडांची नावे ऐकून इथे बागा असाव्यात असे वाटते, आणि ‘योर्दान’ हे नाव बागेसाठीच्या फ्रेंच शब्दावरून आल्याचेही सांगितले जाते. पण लोयर्सग्राख्त म्हणजे चामडे कमावणाऱ्यांचा कालवा, हे कळले की त्या काळी इथे कोणता वास दरवळत असेल याची कल्पना येते. चित्रकार रेम्ब्रांटचे दिवाळे निघाल्यावर त्याने अखेरची वर्षे याच वस्तीत, रोझेनग्राख्तवर काढली आणि 1669 मध्ये त्याला जवळच्या वेस्टरकेर्क या चर्चमध्ये पुरण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे, आणि सांडपाणी थेट कालव्यात जात असे. 1886 च्या जुलैमध्ये लिंडेनग्राख्तवर दोरीला लटकवलेला जिवंत ईल मासा होडीतून ओढण्याचा बंदी घातलेला खेळ चालला होता; पोलिसांनी दोरी कापली, दंगल पेटली आणि 26 माणसे मारली गेली. भांडण माशावरून झाले खरे, पण इतकी माणसे रस्त्यावर उतरली ती गरिबीच्या संतापाने, असे मला वाटते. 1934 मध्ये बेकारभत्ता कापला गेला, तेव्हाही इथेच दंगल झाली. आज रुंद वाटणारे रोझेनग्राख्त आणि लिंडेनग्राख्त हे रस्ते मुळात कालवेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बुजवले गेले, नावातला ‘ग्राख्त’ मात्र राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठा भाग पाडण्याचा विचार पुढे आला, पण रहिवाशांच्या विरोधामुळे घरे दुरुस्त करण्याचे धोरण स्वीकारले गेले. विरोधाभास असा की घरे वाचली, आणि जुनी कुटुंबे मात्र मोठ्या संख्येने बाहेरच्या गावांत राहायला गेली.

हा इतिहास घर निवडताना प्रत्यक्ष उपयोगी पडतो. कामगारांसाठी बांधलेली ही घरे अरुंद आहेत आणि जिने शिडीइतके उभे आहेत. माझे कपाट जिन्यातून चढेना, तेव्हा छपराजवळच्या तुळईला कप्पी लावून ते खिडकीतून आत घ्यावे लागले. लहान मूल किंवा वृद्ध आई-वडील सोबत येणार असतील, तर तिसऱ्या मजल्यावरचे घर केवळ कालवा दिसतो म्हणून पत्करू नये. जुन्या घरांचा पाया लाकडी खांबांवर असतो, त्यामुळे तिरकी जमीन आणि नीट न लागणारे दरवाजे फारसे मनावर घेऊ नयेत. पुढे विकत घेण्याचा विचार झालाच, तर पायाचा तपासणी अहवाल मागितल्याशिवाय सही करू नये. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. तेव्हा घरमालक त्या पत्त्यावर नोंदणी करू देत नसेल, तर घर कितीही सुंदर असले तरी ते सोडून द्यावे. गाडी ठेवण्याचा विचारही सोडलेला बरा.

निर्णयाआधी एका शनिवारी इथे यावे, म्हणजे लिंडेनग्राख्तचा बाजार आणि नोर्डरमार्क्ट या चौकातील शेतमालाचा बाजार एकाच फेरीत पाहून होतील. गर्दी तेव्हा सर्वाधिक असते. त्या रात्री खिडकी उघडी ठेवून वेस्टरकेर्कच्या मनोऱ्याजवळ मुक्काम करावा. तिथल्या घंटा दर पाव तासाला वाजतात, आणि माझ्या पत्नीला त्यांच्यासह झोपायची सवय व्हायला दोन महिने लागले.