पद्मिनीचा गंजलेला पत्रा
प्रश्न : माझ्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांखालचा पत्रा गंजून सुटला आहे. तो घरीच बदलता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येईल, मात्र वेल्डिंगवर हात बसलेला असेल तरच. पद्मिनीला वेगळी चासी (भार पेलणारा खालचा सांगाडा) नाही. हा पत्राच गाडीचा भार पेलतो, म्हणून तो कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी नळी तात्पुरती वेल्ड करावी, अन्यथा सांगाडा खचून दार पुन्हा नीट लागत नाही. बॅटरी व पेट्रोलची टाकी आधीच उतरवावी. स्क्रूड्रायव्हरने टोचत जाऊन कडक पत्रा लागेपर्यंत कापावे. नवा पत्रा जोडताना सलग वेल्डिंग केल्यास तो वाकतो. दूरदूर वेल्डिंगचे छोटे टाके मारून, ते थंड झाल्यावरच मधल्या जागा भराव्यात. शेवटी पत्र्याच्या आतल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारावे; खाऱ्या हवेत ते रंगाहून मोलाचे. भोकांवर नुसती पुट्टी थापणाऱ्या कारागिरांना नम्रपणे नकार द्यावा.