व्याकरणाआधी कारल्याचं बी

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि तिन्ही फोटो पाहिले. अमेरिकेतून मागवायचा म्हणतेस तो 'सौम्य व्याकरणा'चा संच, अप्पा बळवंत चौकातून आणलेली मराठीची वर्कबुकं आणि लेकीच्या वहीचं पान. थोरलीला सातवं लागलंय, धाकटा साडेचारचा, दोघंही शाळेत जात नाहीत, आणि भाषेसाठी कुठला अभ्यासक्रम घ्यावा हे तुला ठरवायचंय. मला सगळ्यात आवडलं ते वहीचं पान. त्याच्याकडे येतेच.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. मराठीसाठी आत्ता कुठलाच संच घेऊ नकोस. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत ऐकणं, ऐकलेलं परत सांगणं, बघून लिहिणं आणि नंतर थोडं श्रुतलेखन, एवढ्यावर मराठी उत्तम उभी राहते. इंग्रजीसाठी तो संच घ्यायचाच असेल तर घे. पण त्यातल्या धड्यांच्या क्रमाने मराठी शिकवायला जाऊ नकोस, कारण तो क्रम मराठीचा नाही.

या 'सौम्य' पद्धतीचं मूळ बरंच जुनं आहे. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडातल्या शिक्षिकेने १८८६ साली घरी शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. मुलाला चांगली गोष्ट एकदाच वाचून दाखवा आणि ती त्याला त्याच्या शब्दांत परत सांगू द्या, चांगल्या लेखकाच्या ओळी त्याला बघून लिहू द्या, व्याकरण पुढे बघू, असं तिचं म्हणणं. एकोणीसशे ऐंशीनंतर अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्यांनी ती पुन्हा शोधून काढली आणि मग तिच्या नावावर संचांचा बाजार उभा राहिला. काही संच खरंच तिच्या वाटेने जातात. काहींमध्ये धडा दहा मिनिटांचाच असतो, पण त्या दहा मिनिटांत सहा वर्षांच्या पोराकडून नामाची व्याख्या घोकून घेतात. चित्रं गोड, रंग फिके, आणि आत तीच घोकंपट्टी. तुझ्या फोटोतल्या अनुक्रमणिकेवरून हा संच दुसऱ्या जातीचा दिसतो. घेण्याआधी नमुना धडा मागव आणि त्यात व्याख्या कितव्या पानावर येते ते बघ.

आता मराठीचं. इंग्रजीच्या पुस्तकात पहिले धडे असतात मोठ्या लिपीतल्या अक्षरांचे, 'अ' आणि 'द' या उपपदांचे, 'इन, ऑन, अंडर'चे. आपल्याकडे मोठी-छोटी लिपी नाही, उपपदं नाहीत, आणि 'अंडर' शोधायला गेलं तर तो शब्दाच्या पोटात शिरलेला सापडतो: झाडाखाली. तिथेही नुसतं झाड आणि खाली नाही, मधे 'झाडा' झालंय. माँटेसरी पद्धतीत शब्दांच्या जाती ओळखायला रंगीत आकार ठेवतात, तिथेही हीच अडचण येते. नामाला काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल गोल छान चालतात, पण उपपदाच्या निळ्या त्रिकोणाचं मराठीत करायचं काय? आणि शब्दयोगी अव्ययाची खूण नेमकी शब्दाच्या कुठल्या भागावर ठेवायची?

याहून मोठी गोष्ट क्रियापदाची आहे. इंग्रजी संच शिकवणार की क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. तुझा धाकटा 'मी आंबा खाल्ला' म्हणतो आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणतो. मुलगा तोच, क्रियापद बदललं, कारण ते आंब्याच्या आणि पोळीच्या मागे गेलं. साडेचार वर्षांच्या मुलाने हे कुणी न शिकवता उचललंय. त्याला कर्तरी-कर्मणी प्रयोग येतो, फक्त त्याचं नाव माहीत नाही, आणि इतक्यात ते नाव देऊन त्याला काही मिळायचं नाही.

मग शिकवायचं काय? तू मुंबईतल्या फ्लॅटमध्ये वाढलीस, भोंडला केलास की नाही मला ठाऊक नाही. कारल्याचं गाणं आठवतंय? सून माहेरी जायला निघालीय आणि सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर, मग जा. सून सांगते, बी पेरलं हो सासूबाई. मग सासू म्हणते कोंब येऊ दे, सून म्हणते कोंब आला. पुढे वेल, फूल, कारली, भाजी, असं ते लांबत जातं. सासूचं ऐकत एकदा नीट म्हणून बघ. प्रत्येक कडव्यात सासू आज्ञार्थ बोलते आणि सून भूतकाळ. बी पेरलं, कोंब आला, भाजी केली: नपुंसकलिंग, पुल्लिंग, स्त्रीलिंग, तिन्ही येऊन गेली आणि प्रत्येक वेळी क्रियापद बदललं. पोरी फेर धरून हे म्हणतात आणि एकीचीही चूक होत नाही. यापेक्षा सौम्य व्याकरण मला माहीत नाही.

हेच गाणं घेऊन खेळता येतं. थोरलीला सासू कर आणि तू सून हो. तिला कारल्याऐवजी दुसरं काही मागू दे. ती म्हणेल खिचडी टाक, तू म्हण टाकली. ती म्हणेल भात लाव, तू म्हण लावला. मधेच मुद्दाम चुकव: 'भात लावली हो सासूबाई'. ती खदखदून हसेल आणि लगेच दुरुस्त करेल. पण 'का चुकलं, सांग बघू' असं विचारू नकोस. हसून दुरुस्त केलं म्हणजे नियम तिच्याकडे आहे. का ते दहाव्या वर्षी विचार.

तसाच दुसरा खेळ तो-ती-ते टोपल्यांचा. तीन टोपल्या मांडायच्या आणि घरातल्या वस्तू टाकत जायच्या: तो कागद, ती वही, ते पेन. इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर भांडणं होतील, ती होऊ दे. ती बस, तो फोन, ते बिल इथपर्यंत सगळे एक असतात. पण पेन 'तो' की 'ते' यावर तुझं आणि नवऱ्याचंच जुळणार नाही बहुतेक. दोन्ही चालतं म्हणून सांग. भाषेत कधीकधी दोन उत्तरं बरोबर असतात हे मुलांना लवकर कळलेलं बरं.

आता ते वहीचं पान. तिने लिहिलंय: 'मी फूलाला पानी घातलं. आजोबांना फूल दिलं.' तू वर लाल पेनाने दोन गोल केलेस. लाल पेन आधी घरातून घालव.

'पानी' ती तुमच्या मदतनीस मावशींकडून शिकली असणार. बोलण्यातलं 'पानी' तसंच राहू दे, ते अशुद्ध नाही, मावशींचं आहे. लिहिताना 'पाणी' लिहितात एवढं तिला बघून लिहिण्यातूनच कळेल. 'फूलाला' मात्र फार चांगली चूक आहे, तिच्यात तर्क आहे. फूल दीर्घ, म्हणून फूलालाही दीर्घ, असा तिने विचार केला. तिला नियम सांगू नकोस. आठवडाभर बघून लिहायच्या ओळींमध्ये असे शब्द येतील असं बघ: फूल, फुलाला, फुलांचा, पूल, पुलावर, मूल, मुलाला. एखाद्या दिवशी तीच म्हणेल की मागे काही चिकटलं की ऊ आखडतो. नाही म्हणाली तर एकाखाली एक लिहून नुसतं दाखव. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत ना, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे मिळून अठरा, त्यातलाच हा एक. त्याला अपवादही आहे: गीत, शरीर असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आखडत नाहीत, गीतात, शरीरात असेच राहतात. ते आत्ता काढूच नकोस. एखादा शब्द निघालाच तर 'हा असाच लिहितात' म्हणून पुढे जा.

आणि 'आजोबांना' वरचं टिंब तुझ्या लक्षात आलं का? ते तिने बरोबर दिलंय. कधीतरी ती विचारेल की आजोबा तर एकच आहेत, मग मुलांना, झाडांना यांच्यासारखं टिंब का? तेव्हा सांग की आजोबांना आपण अहो-जाहो करतो, म्हणून लिहिताना ते एकटे असूनही अनेक होतात. वर्कबुकात हे 'आदरार्थी बहुवचन' म्हणून रिकाम्या जागेत भरायला असतं. घरात ते आजोबांच्या नावावर जन्मभर लक्षात राहतं.

रोजचं म्हणशील तर मी असं करेन. सकाळी एक गोष्ट किंवा गोष्टीचा तुकडा वाचायचा, एकदाच. मग तिने तो सांगायचा. मधे बोलू नकोस, सुटलेलं आठवून देऊ नकोस, 'मग कोल्हा काय म्हणाला?' असले प्रश्न नकोत. पहिले काही दिवस ती दोन वाक्यांत गुंडाळेल. गुंडाळू दे. आठवड्यातून एकदा ती सांगेल ते तू लिहून घे, तिच्याच शब्दांत, 'आणि मग, आणि मग'सकट. ते तिलाच वाचायला दे, आपलंच बोलणं मुलं फार उत्साहाने वाचतात. बघून लिहायला दुरेघी वहीत एक ओळ, फार तर दोन, पण त्या सुबक. हात दुखेपर्यंत पानं भरायला लावलीस तर ती अक्षराचा द्वेष करेल. श्रुतलेखन आठनंतर, आणि तेही आधी नीट बघून घेतलेल्या ओळींचं. न पाहिलेला मजकूर घालून चुका मोजणं म्हणजे सापळा लावणं आहे.

धाकट्याला यातलं काही नको. त्याला काळे राळे गोरे राळे म्हणायला लाव, कोडी घाल, बाकी खेळू दे.

पुस्तकांचं सांगते. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, पहिली-दुसरीची उतरवून घे. शाळा नको म्हणून शाळेची पुस्तकंही नकोत असं करू नकोस, त्यातल्या कविता मोठ्याने वाचायला चांगल्या आहेत. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, जुने अंकही संकेतस्थळावर आहेत. बघून लिहायच्या ओळी तिथून हव्या तेवढ्या मिळतील. ज्योत्स्ना प्रकाशनाचे माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग विकत घ्यावेत असे आहेत. त्यांचंच 'लिहावे नेटके' थोरली दहाची झाली की आण, तेव्हा व्याकरणाची नावं सावकाश शिकवता येतील. स्पर्धा परीक्षेवाली मुलं वापरतात ती जाडजूड व्याकरणं तुझ्यापुरती ठेव. विभक्ती किती मानायच्या यावर आपल्या व्याकरणकारांचंच एकमत नाही, तिथे सात वर्षांच्या मुलीला कशाला ओढतेस?

एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. पुस्तक घेताना 'ल' आणि 'श' बघ. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. तरी स्वस्तातल्या पुष्कळ पुस्तकांमध्ये आणि फोनवरच्या फुकट वर्कशीटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं असतात. बघून लिहिणाऱ्या मुलाचं वळण त्यावरच बसतं. त्याच निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत आले. त्याआधीच्या अंकलिप्यांमध्ये ते बहुतेक सापडणार नाहीत. 'बॅट' आणि 'डॉक्टर' आज मुलीला पहिल्या दिवशी लागतात, तेव्हा अंकलिपी नवी घे.

नवरा म्हणतो की वर्कबुक नसेल तर अभ्यास झाला हे कळणार कसं. त्याचा प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नकोस. त्याला सांग की अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९६३ साली लेखनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा काढला होता. औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, उलट लिहायचा वेळ मात्र जातो, असा त्याचा सूर होता. तो इंग्रजीबद्दल होता आणि मोठ्या मुलांबद्दल, हेही प्रामाणिकपणे सांग. आणि तिने सांगितलेल्या, तू उतरवलेल्या गोष्टींवर तारीख घालून एका फायलीत ठेव. सहा महिन्यांनी पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून त्याला वाचायला दे.

परीक्षेची धास्तीही त्यालाच जास्त आहे असं दिसतं. एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते आणि त्यात मराठी विषय घेता येतो. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. दोन्हींपर्यंत निदान सात वर्षं हातात आहेत. व्याकरणाचा भाग दहा-अकराव्या वर्षी सुरू केला तरी पुरतो. त्यातली बरीचशी तयारी ती आत्ताच बोलताना करतेय.

ती वर्कबुकं परत घेतात का विचार. पावती असेल तर दुसरं काहीतरी बदलून देतात. नाहीच घेतली तर पाठकोऱ्या पानांवर धाकटा चित्रं काढेल. रविवारी येणार असशील तर माझ्याकडचे 'किशोर'चे अंक काढून ठेवते. पिशवी मोठी आण.

तुझी,
काकू