ह्यूस्टनला हरिकेनसाठी घरात काय साठवावं? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन आधीच शहर सोडावं का?

२० किलो तांदूळ, तूरडाळ आणि पाण्याच्या चार केसेस घेतल्यात, पुरतील का, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तांदूळ-डाळ घरात असतेच, तिला तयारी म्हणू नका. तुमची शेगडी विजेवरची असेल तर कुकर कशावर लावणार? डाळ-तांदूळ धुवायचे, शिजवायचे, मग खरकटी भांडी घासायची, या सगळ्याला जे पाणी लागतं तेच तेव्हा मोजून वापरायचं असतं. पोहे, कुरमुरे, शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, दूध पावडर, डब्यातले छोले ठेवा. दडप्या पोह्यांसारखं हरिकेनचं जेवण नाही, हे माझं ठाम मत. डबे उघडायला हाताने फिरवायचा ओपनर हवा.

पाण्याचा इथला सरकारी हिशेब माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांची केस १२ लिटरची. चार माणसांना तुमच्या चार केसेस जेमतेम तीन दिवस जातील. वादळाच्या आदल्या रात्री बाथटब भरून ठेवा, फ्लशला उपयोगी पडतो.

आता कॅटेगरीबद्दल, म्हणजे हरिकेनला एक ते पाच असा जो आकडा देतात त्याबद्दल. ८ जुलै २०२४ ला इथे बेरिल हरिकेन आलं तेव्हा ते कॅटेगरी वन होतं. धाकट्या दिरांनी आदल्या रात्री फोन करून माझी चेष्टा केली, "वहिनी, वन म्हणजे जोराचा पाऊस हो!" तो आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाणी किती भरेल, लाइट किती दिवस जाईल, यातलं काहीही त्यात नसतं. बेरिल पहाटे किनाऱ्याला लागलं आणि दुपारपर्यंत आमच्याकडून निघूनही गेलं. कुंपणाची एक बाजू आडवी झाली, एवढंच. पण त्या एका सकाळीत इथल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि वर कडकडीत ऊन पडलं. जुलैचं ऊन, दमट हवा, आणि एसीच्या भरवशावर बांधलेली ही घरं, वारा म्हणून आत येत नाही.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या आणि इन्शुलिन घेत होत्या. बहुतेक इन्शुलिन फ्रीजबाहेर २८ दिवस टिकतं, पण ८६ फॅरनहाइटच्या (३० सेल्सिअस) आत. आमचा हॉल त्याच्या कधीच वर गेला होता. ओलं फडकं गुंडाळून ठेवायची आपली युक्ती इथल्या दमट हवेत चालत नाही, कारण फडकं वाळतच नाही.

दीर जनरेटर घेऊन आले, त्याबद्दल त्यांचे आभारच. पण तो त्यांना गॅरेजमध्ये दार अर्धं उघडं ठेवून चालवायचा होता, कारण बाहेर ठेवला तर चोरीला जाईल! मी सरळ नाही म्हटलं. तो घरापासून किमान वीस फूट लांब, उघड्यावरच हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वादळातून वाचलेली माणसं नंतर याच धुराने जातात. शेवटी मागच्या अंगणात झाडाला साखळीने बांधला. पेट्रोलसाठी रांगा होत्या, कारण पंपांनाही वीज लागते.

मग फ्रीजरचं भांडण. बंद फ्रीज चार तास थंड राहतो, खच्चून भरलेला फ्रीजर ४८ तास, तोही दार उघडलं नाही तर. आमच्याकडे तो दर तासाला कोणीतरी उघडून बघत होतं. आमरस, मासे, भिजवलेली मटकी, सगळं मी कचऱ्यात टाकलं. दीर म्हणाले, वास तर येत नाहीये. वासावरून कळत असतं तर काय हवं होतं! तेव्हा ना दवाखाना धड उघडा, ना घरात पाणी मुबलक. अशा वेळी जुलाब परवडत नाहीत. (टाकण्याआधी फोटो काढा, काही विम्यांत खराब झालेलं अन्न भरून मिळतं.)

आणि सासूबाईंना मी डॅलसला मैत्रिणीकडे नेलं. त्यावरून अजून प्रत्येक गणपतीत ऐकते की वहिनींनी आईला वादळ गेल्यावर उगाच चार तास गाडीत बसवलं. तर भाऊजी, वाचत असाल तर: २०१७ मध्ये मारिया हरिकेननंतर पोर्तो रिको बेटावर सरकारी आकडा सुरुवातीला ६४ मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासातला २,९७५ चा अंदाज तिथल्या सरकारने स्वीकारला. वादळ निघून गेल्यावर महिनोनमहिने वीज-पाणी-औषधांवाचून गेलेली माणसं त्यात आली. म्हाताऱ्या माणसाला हलवायची वेळ वादळ गेल्यावरसुद्धा येते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सरसकट आधी पळू नका. २००५ मध्ये रीटाच्या वेळी लाखो लोक एकदम निघाले, गाड्या भर उन्हात तासन् तास अडकल्या, आणि टेक्सासात वादळापेक्षा त्या पळापळीत जास्त माणसं गेली. वादळ गेल्यावर वीज आली नाही, तर रस्ते मोकळे झाले की आई-बाबांना घेऊन निघा. टाकी आधीच भरलेली असू द्या.

अर्थात तुमचा पिनकोड स्थलांतराच्या झोनमध्ये असेल तर यातलं काही लागू नाही, सांगतील तेव्हा निघायचं. बाबांना ऑक्सिजन किंवा डायालिसिस असेल तरी आधीच हला, आणि २११ ला फोन करून आपत्तीत मदत लागणाऱ्यांच्या राज्याच्या यादीत नाव घाला. पण नाव घातलं म्हणजे कोणी न्यायला येईलच असं नाही.

नळाचं पाणी उकळायला सांगितलं तर खळखळून एक मिनिट पुरतं.

पूरविमा मात्र आजच बघा. तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो आणि घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. दिरांनी अजून घेतलेला नाही, त्यांचा भाग नकाशावर पूरपट्ट्याबाहेर आहे म्हणे. २०१७ ला हार्वीत बुडालेली कित्येक घरंही बाहेरच होती.